मनपट्टी

"बाई, तो आज अठरा वर्षांचा झाला. मनपट्टी चालू ठेवायची की बंद, ते आता तोच ठरवणार," कचेरीतल्या मॅडम म्हणाल्या.

"अहो, पण माझा अन्वय बोलत नाही. त्याच्या मनातलं मला कळायचं कसं?"

"इतर आयांना कळतं तसंच. म्हणजे कळत नाही!"

कुमुदिनीला हसू आलं नाही. चौदा वर्षांपूर्वी स्वमग्न लेकाच्या मनगटावर ती पट्टी पहिल्यांदा बांधली, तेव्हा तिच्या कानातल्या यंत्रातून शब्द आले होते, 'आई, पंखा टोचतो.' पोर रोज दुपारी का किंचाळायचं, ते तिला त्या दिवशी कळलं. पंखा बंद करून ती त्याच्याशेजारी घामाघूम होईपर्यंत बसली होती आणि सुखाने रडली होती. तेव्हापासून त्याची भूक, भीती, राग, सगळं तिला त्याच्या मनातून थेट ऐकू यायचं.

अन्वयने पडद्यावरचे दोन्ही चौकोन सावकाश वाचले आणि 'बंद'वर बोट ठेवलं. तिच्या कानातली कुजबुज थांबली.

बाहेर पायऱ्यांवर तो एकदम थबकला आणि स्वतःशीच खुदुखुदु हसू लागला.

"काय रे? काय आठवलं?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

कुमुदिनीने सवयीने कानातल्या यंत्राला बोट लावलं. मग तिला स्वतःचं अठरावं वर्ष आठवलं. भाकरी थापताना ती अशीच हसली होती, आईने कारण विचारलं होतं आणि तिने बेधडक सांगितलं होतं, "काही नाही गं."

आईने पुन्हा विचारलं नव्हतं. कुमुदिनीनेही विचारलं नाही. त्याचं हसू ओसरेपर्यंत ती पायरीवर थांबून राहिली.