आठ थेंब

"तेरा," नीळकंठराव म्हणाले आणि काचेची नळी बेसिनमध्ये रिकामी केली. "सकाळी सहा होते, आता तेरा. तू मीठ मोजून घालतेस की अंदाजाने?"

गेल्या दीड महिन्यात हा प्रश्न त्यांच्या बायकोने, शुभदाने, इतक्यांदा ऐकला होता की उत्तर देण्यातलं त्राणच संपलं होतं.

समुद्र यवतमाळपासून सातशे किलोमीटर लांब. तरी चार वर्षांपासून त्यांच्या हॉलमधल्या टाकीत समुद्राचं पाणी होतं आणि त्यात प्रवाळ जगत होते. नीळकंठरावांच्या निवृत्तीनंतरचा हा छंद दोघांनी वाटून घेतला होता. पाणी गाळणं, समुद्री मीठ तोलून त्यात विरघळवणं तिच्याकडे. तपासणी त्यांच्याकडे. एकतीस वर्षं त्यांनी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं होतं. सरांच्या हातून अर्धा थेंबसुद्धा जास्त पडत नाही, असं मुलं म्हणायची.

तपासणी तशी साधी. नळीत टाकीतलं थोडं पाणी घ्यायचं आणि त्यात बाटलीतलं औषध थेंब थेंब सोडायचं. निळा रंग पिवळा झाला की थांबायचं. आठ थेंब लागले तर पाण्यातला क्षार बरोबर. प्रवाळ थोडं कमीजास्त सोसतो, पण रोजची चढउतार त्याला मारते, हे त्यांनीच तिला सांगितलं होतं. चार वर्षं वहीत आठाखाली आठ लिहिलेले होते. पाडव्यानंतर मात्र वही बिघडली. अकरा, सहा, नऊ, तेरा.

आधी ते दिवसातून एकदा तपासत. मग चारदा तपासू लागले, मग आठदा. कुणी जवळ आलेलं त्यांना चालेना. टाकीकडे तोंड आणि घराकडे पाठ करून ते उभे राहत. आर्णीला भाच्याचं लग्न निघालं, तर टाकी सोडून येता येत नाही म्हणाले. शुभदा एकटी गेली. पंगतीत जो तो विचारत होता, भाऊजी काहून नाही आले. टाकीतल्या पाण्यासाठी थांबले, हे सांगताना तिची मान वर झाली नाही.

दोन गोष्टी तिला खात होत्या. एक म्हणजे प्रवाळ मजेत होते. पूर्ण फुललेले, रंग तजेलदार. आणि दुसरी, इतके वाईट आकडे येऊनही नीळकंठरावांनी पाण्यावर काहीच उपाय केला नव्हता. क्षार वाढवायचं औषध कपाटात होतं. तिने पाहिलं, त्याचं सील तसंच होतं. चूक दिसल्यावर गप्प बसणारा हा माणूस नव्हता.

मग तिला मोठे दीर आठवले. शेवटच्या वर्षात ते दिवसभर घरातली कुलपं ओढून बघायचे आणि पोटच्या पोराला ओळखायचे नाहीत. सुरुवात अशीच झाली होती. त्या दिवशी तिने नागपूरला मुलीला, आभाला, फोन लावला. बाबांचं काहीतरी, एवढंच म्हणाली आणि मग उन्हाळ्याचंच बोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी नीळकंठराव आंघोळीला गेले. बाथरूमची कडी लागल्याचं ऐकून शुभदाने टाकीतून पेलाभर पाणी काढलं. नळी भरली. बाटली उलटी धरली आणि श्वास रोखून मोजू लागली. आठव्या थेंबाला पाणी पिवळं झालं. आपलं चुकलं असेल म्हणून तिने नळी धुऊन पुन्हा केलं. आठ. तिसऱ्यांदा केलं. आठ.

तिने वही ओढली आणि त्यांच्या तेराखाली तीनदा आठ लिहिले. पेन खाली ठेवलं तर मागे नीळकंठराव उभे होते. खांद्यावर टॉवेल, केसांतून पाणी गळत होतं.

"कोणी सांगितलं होतं तुला?"

"कोणी नाही," ती म्हणाली. आता थांबणं शक्य नव्हतं. "तीनदा केलं. तिन्ही वेळा आठ आले. पाणी चांगलं आहे. मग तुम्ही काहून रोज भलतंच लिहून राह्यले? मला खोटं पाडायला?"

ते वहीकडे बघत राहिले. ती रागाची वाट पाहत होती. राग आला नाही. त्यांनी खुर्ची ओढली, टाकीकडे पाठ करून तिच्यासमोर बसले आणि त्याच पेल्यातलं पाणी नळीत घालून द्यायला सांगितलं. तिने दिलं.

पहिला थेंब आत पडला. दुसरा नळीच्या काठावर आपटून बाहेरून ओघळला. बाटलीचं तोंड काचेवर टिकटिक वाजत होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. तरी तीन थेंब एकदम पडले, पुढचा त्यांच्या मांडीवर. रंग कधी पालटला, ते शुभदाला कळलंही नाही. ती नळीकडे बघतच नव्हती.

"किती झाले?" त्यांनी विचारलं.

तिने त्यांच्या मांडीवरचा थेंब पदराने टिपला.

"तुझं पाणी आठच आहे. पहिल्या दिवसापासून मला माहीत आहे." बाटली खाली ठेवायला त्यांना वेळ लागला. "मी पाणी तपासतच नव्हतो, शुभदा. हात तपासत होतो. रोज वाटायचं, आज आठ येतील."