लोण्यातले बाबा

परसातल्या भट्टीवर वितळवलेलं ब्राँझ साच्यात तिसऱ्यांदा नाकाशीच थिजलं. महाराष्ट्र राज्य झालं त्या उन्हाळ्यात मी मुंबईच्या कलाशाळेतून सुट्टीवर आलो होतो, वर्षभर अंथरुणात झिजून वारलेल्या बाबांचा चेहरा ओतायला. चिडून साचा फोडला आणि मायच्या गाडग्यातला लोण्याचा गोळा पाटावर आपटला. बोटं नुसती रागानं चालली. घटकाभरात समोर हुबेहूब बाबा, नाकासकट! “माय, याले हात नोको लावू,” म्हणत त्याचा साचा घ्यायला प्लास्टर आणायला चिखलीला पळालो. येताना बस उशिरा मिळाली. परतलो तर पाट धुतलेला आणि चुलीवर लोणी कढत होतं. “काऊन कढवलं वं माय? सारं वाटोळं केलं!” मी ओरडलो. तिनं जाळ मागं ओढला. “ऊन आलं पाटावर. आधी गाल बसले, मग नाक. ते पुन्हा हळूहळू जाऊन राह्यले होते, बाबू. मले पाह्यल्या गेलं नाही.”