बारीकसा अडथळा

अनुवाद टाइप करताना चुका वाढल्या, तेव्हा तिने सगळं खापर कीबोर्डवर फोडलं आणि लेकीला घेऊन दुकान गाठलं. दुकानदाराने कीबोर्डच्या कळांखाली बसणाऱ्या स्विचांची नमुन्याची पट्टी पुढे ठेवली. “ज्याची त्याची आवड, ताई. हा दाबून बघा, अर्ध्या वाटेत बोटाला बारीकसा अडथळा लागतो.” तिने उजव्या हाताने दाबला. “नाही लागला.” “मग हा घ्या. हा दगडालाही कळेल!” तो हसला. स्विच कट्ट वाजला. कानांना कळलं, बोटाला नाही. दुकानदार पाठमोरा होताच तिने उजवा हात खाली सोडला आणि पहिलाच स्विच डाव्या हाताने दाबला. अडथळा होता, चांगला ठसठशीत. “मिळाला का गं मनासारखा?” शेजारून लेकीने विचारलं. “मिळाला,” म्हणत ती उजवा हात वर घ्यायला गेली. खाली पाहिलं तेव्हा कुठे दिसलं, त्या हाताची बोटं लेकीने केव्हाची घट्ट धरून ठेवली होती.