आप्पारावांचा अंगठा

देवळाच्या सभामंडपात आप्पाराव पाय लांब करून बसले होते आणि सारं गाव त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होतं. अंगठा वांग्यासारखा टरारला होता. त्यावर माशी बसली तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

सप्ताह उद्यावर आलेला. वीणा दरसाली आप्पारावांच्या गळ्यात. पण मागच्या आठवड्यात अंगठा सुजला, रक्तात युरिक ॲसिड वाढलेलं निघालं, आणि गेवराईच्या दवाखान्यातला कंपाउंडर हसत बोलून गेला, "हा तर मटण-बिअरवाल्यांचा आजार." गळ्यात तुळशीची माळ अन् अंगठ्यात मटण. गावानं तोडगा काढला: आप्पारावांना देवळात कोंडायचं, निर्जळी उपास करवायचा. माणूस खरा असला तर युरिक उतरंल.

आज नवा रिपोर्ट आला. युरिक आणखी चढलं होतं.

"मी म्हनलं न्हवतं?" राधाकिशन म्हणाला. आप्पारावांच्या मागं वीणेसाठी नंबर त्याचाच होता. "मानूस उपाशी, आन् युरिक वाढतंय. म्हंजी रातच्याला डबा येत हुता."

"कुलूप तुमचं, किल्ली तुमच्या खिशात," आप्पाराव कण्हत म्हणाले. "डबा काय घंटेतून उतरला का बे?"

"खिडकी हाय की."

सप्ताहाचे म्होरके बद्रीनाथ. त्यांना आपण न्यायानं वागतो असं दाखवायची हौस. त्यांनी डॉक्टरला फोन लावला, स्पीकरवर.

"उपाशी ठेवलंत? पाणीपण नाही?" डॉक्टरचा आवाज चढला. "अहो, त्यानंच तर वाढतं. त्यात ते बीपीची गोळी घेतात, तिच्यानंही वाढतं. घराण्यातनंही येतं. वडलांना होता का हा त्रास?"

"हुता ना," आप्पारावांना धीर आला. "म्हातारा अंगठा धरून बोंबलायचा."

मंडपात कुजबुज उठली. राधाकिशननं मान डोलावली. "म्हंजी बाप बी खात हुता."

"आधी त्यांना पाणी पाजा," डॉक्टर सांगत होता, तोवर बद्रीनाथांनी फोन बंद केला.

"डॉक्टर लईच बाजू घेतोय," ते गाल खाजवत म्हणाले. "एकाच धाब्यावर बसतेत का काय दोघं?"

मग निकाल लागायला कितीसा वेळ. वीणा राधाकिशनला. आप्पारावांना प्रायश्चित्त: सप्ताहभर कडक उपास, पाणी तीर्थापुरतं.

मंडप रिकामा झाला. खांबाआड आप्पारावांची बायको वनमाला तेवढी उभी राहिली, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. आप्पारावांना हायसं वाटलं. गाव गेलं खड्ड्यात. रोज जिच्या हातचं खातो तिला तर ठाऊक हाय.

"वनमाले, तुला तरी माझं खरं वाटतंय न्हवं?"

वनमाला जवळ आली. बाहेर कुणी नाही ना, बघून घेतलं. वाकून नवऱ्याच्या तोंडाचा वास घेतला, आणि तांब्या त्यांचा हात पोचणार नाही एवढा लांब धरला.

"आवो, खाल्लं तर खाल्लं," ती हळूच म्हणाली. "पर तुमच्यापायी मी बी इतकी वरसं मटन सोडलंय. यखादी फोड माझ्यासाठी कावून आणली न्हाई?"