मावशींचा माईक

भाजीवाल्या मावशी प्रश्न विचारायला उठल्या आणि कोपऱ्यात यंत्रापाशी बसलेल्या माईकवाल्याचं बोट बटणावर गेलं.

सभेआधी सचिवांनी त्याला बाजूला घेऊन बजावलं होतं, "मैदानाचा विषय निघाला की लोकांचा माईक बंद. पुढच्या सभांचं काम हवंय ना?" नगरपालिकेच्या सभांवरच त्याचं घर चालत होतं. त्यानं मुकाट मान हलवली होती.

"साहेब," मावशींनी व्यासपीठावरच्या अध्यक्षांना विचारलं, "पोरांच्या मैदानाला कुंपण कुणासाठी घातलं?"

सचिवांनी कोपऱ्याकडे बघून डोळे वटारले. माईकवाल्यानं मावशींच्या माईकचं बटण खाली ओढलं.

आता, जिनं उभा जन्म रस्त्यावरून चौथ्या मजल्यापर्यंत भाजीचे भाव पोचवले, तिचा माईक बंद करून काय होणार, एवढं तरी सचिवांना सुचायला हवं होतं. पण ते कधी भाजी आणायला गेलेच नव्हते. मावशींनी मुक्या माईककडे एकदा पाहिलं, तो शेजारणीच्या हातात दिला आणि आवाज लावला.

"तुमच्या मेहुण्यांच्या गोदामासाठीच ना?"

दाराबाहेरचा पहारेकरीसुद्धा आत डोकावला. सभागृहात हशा पिकला, कारण हे गावभर सगळ्यांना ठाऊक होतं. तोंडावर विचारलं मात्र कुणी नव्हतं.

"खाली बसा! खाली बसा!" अध्यक्ष माईकवरून गरजले. दोन्ही कर्णे दणाणले. त्या कल्लोळात मावशींचंही काही चालेना.

माईकवाल्याला लेक आठवली. मैदान बंद म्हणून काल ती रस्त्यावर खेळायला गेली, सायकलखाली येता येता वाचली आणि गुडघे फोडून घरी आली. "बाबा, कुंपण कधी काढणार?" तिनं विचारलं होतं. "जेव आधी," म्हणून त्यानं वेळ मारून नेली होती. त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं अध्यक्षांचंही बटण खाली ओढलं.

अध्यक्षांचे ओठ हलत राहिले, पण शब्द तिसऱ्या रांगेपर्यंतही जाईनात. इतकी वर्षं माईकच्या जिवावर बोलून त्यांचा गळा पार आयतखाऊ झाला होता.

सचिव धावतच कोपऱ्यात आले. "बंद पडला का रे?"

"पडला नाही. मी केला."

"मग चालू कर की!"

"कुणाचा?"

सभागृह इतकं शांत झालं होतं की ते सगळ्यांना ऐकू गेलं. लोकांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग अध्यक्षांकडे. अध्यक्षांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. समोर सगळी ओळखीचीच माणसं होती.

"दोघांचाही कर," ते हळूच म्हणाले.

"माझा राहू द्या हो," मावशी म्हणाल्या. "साहेबांचाच करा, आणि चांगला मोठा करा. उत्तर शेवटच्या रांगेपर्यंत गेलं पाहिजे."

माईकवाल्यानं बटण पार वरपर्यंत सरकवलं. कर्ण्यांतून आधी अध्यक्षांचा नुसता श्वास ऐकू आला. मग ते म्हणाले, "हो. मेहुण्यासाठीच घातलं."