फोनजवळची शिट्टी

पोस्टाची गाडी फाटकाशी क्षणभर थांबली आणि निघून गेली. व्हर्लिन स्टॅम्पर काठी टेकत पत्रपेटीपर्यंत जाऊन आला. बियाण्यांचं एक सूचिपत्र आणि चर्चचं पत्रक, बास.

"जाडही नाही, पातळही नाही," तो स्वयंपाकघरात येऊन म्हणाला.

त्याची बायको ओलेटा शेगडीवरच्या घेवड्यात चमचा फिरवत होती. "सकाळपासून चारदा पेटी उघडलीस. मध्येच अंडी घालते का ती?"

त्या डोंगरांत सगळ्यांना ठाऊक होतं, कॉलेजचं जाड पाकीट म्हणजे होकार आणि पातळ म्हणजे नकार. नातीने, कोरिनने, चार वर्षांची सगळी फी माफ होईल अशा स्कॉलरशिपसाठी अर्ज केला होता. सहाशे पोरांतून चौघांना मिळायची होती. नाही मिळाली तर ती खालच्या गावातल्या गोदामात कामाला लागणार होती. तिथला अर्जही तिने भरून ठेवला होता, आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हती. व्हर्लिनला धसका होता तो त्याचाच.

भिंतीवरचा फोन वाजला. या दरीत मोबाइल चालायचा नाही, म्हणून तो जुना फोन अजून टिकून होता. त्याच्या शेजारी खिळ्याला एक शिट्टी लटकत होती. व्हर्लिनने तीस वर्षं शाळांच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यांत पंच म्हणून ती वाजवली होती. आता ती फोनवर बक्षिसाचं आमिष दाखवणाऱ्या भामट्यांसाठी होती. आज सकाळपासून त्याने तिघांचे कान बधिर केले होते.

"मिस्टर स्टॅम्पर? मी कॉलेजच्या प्रवेश कार्यालयातून मार्था थर्लो बोलतेय. तुमच्याकडे एक आनंदाची बातमी..."

"बक्षीस लागलं ना?"

"म्हणजे... हो, तसंच म्हणायचं."

व्हर्लिनने छाती भरून शिट्टी फुंकली आणि फोन ठेवला.

"कोण होतं?" ओलेटाने विचारलं.

"बक्षीसवाली. हल्ली कॉलेजचं नाव सांगतात, निर्लज्ज."

फोन पुन्हा वाजला.

"मिस्टर स्टॅम्पर, कृपा करा, वाजवू नका. उजवा कान गेलाय, डावा तरी राहू द्या."

"चिवट आहात हो बाई. आमच्या घरी कॉलेजचं चाललंय, हे कुठून कळलं तुम्हाला?"

"कोरिनच्या अर्जातून."

"अर्जबिर्ज चोरतात सगळे." त्याने शिट्टी ओठांशी नेली.

"थांबा! तिचा निबंध माझ्यासमोर आहे. थोडासा वाचते. मग खुशाल फुंका." पलीकडे कागद सळसळले. "'माझे पॅपॉ फोनजवळ शिट्टी ठेवतात.'"

व्हर्लिनचा हात थांबला. आजोबाला पॅपॉ म्हणायचं ते या डोंगरांतच. आणि शिट्टी फोनजवळ टांगलेली असते हे तर शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं.

"'पॅपॉंनी आमच्या गावाच्या बाजूने कधी खोटी शिट्टी मारली नाही. एकदा शेवटच्या मिनिटाला त्यांनी आमच्याच संघाचे गुण रद्द केले. गाव महिनाभर त्यांच्याशी बोललं नाही. त्यांनी निर्णय बदलला नाही. म्हणून ते मला शाबास म्हणतात, तेव्हा मला ते खरं वाटतं. आजवर दोनदा म्हणालेत.'" बाई थांबली. "दोनदाच, मिस्टर स्टॅम्पर?"

"तीनदा," व्हर्लिन म्हणाला. "एकदा ती झोपली होती."

त्याने शिट्टी ओठांपासून खाली घेतली.

"मिळाली का हो तिला?" त्याने विचारलं.

"मिळाली. चारही वर्षं, पूर्ण फी. पत्र येईलच. पण ज्यांना मिळते त्यांना आम्ही आधी फोन करतो. खरं तर तिच्याशीच बोलायचं होतं."

"शाळेची बस येईल दहा मिनिटांत."

"मग तुम्हीच सांगा. पुन्हा तुमच्या घरी फोन करायची माझी छाती नाही."

ओलेटा त्याच्या तोंडाकडे बघतच खुर्चीत बसली. चमचा तिच्या हातातच राहिला. घेवडा खाली लागला, घरभर वास सुटला, आणि दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही.

पिवळी बस वळणावर दिसली तेव्हा व्हर्लिन फाटकाबाहेर उभा होता, काठीशिवाय. कोरिन उतरली. रोजच्यासारखी ती आधी पत्रपेटीकडे गेली, झाकण उघडलं, आत पाहिलं आणि हळूच बंद केलं. तिचे खांदे पडले.

तेवढ्यात शिट्टी वाजली. लांबलचक, दरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोरिनने वळून पाहिलं. व्हर्लिनने दोन्ही हात सरळ आकाशात उभे केले होते.

पंचाची ती खूण दरीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होती. गुण मिळाले, वाद संपला.

कोरिनचं दप्तर रस्त्यात पडलं. बसच्या खिडक्यांतून पोरं ओरडायला लागली. बस चालवणारा डेनी कोम्ब्स हा त्या गुण रद्द झालेल्या संघाचा कप्तान. बावीस वर्षं त्याने व्हर्लिनला साधा रामराम केला नव्हता. त्याने भोंग्यावर हात ठेवला तो उचललाच नाही.

कोरिन धावत येऊन आजोबाला बिलगली. "पॅपॉ, नक्की? चूक तर नाही ना झाली?"

"अरे व्हर्लिन, हात खाली घे आता," पायरीवरून ओलेटा रडत रडतच ओरडली. "खांदे धरतील तुझे."

व्हर्लिनने शिट्टी तोंडातून पडू दिली.

"निर्णय दिलाय," तो म्हणाला. हात अजून वरच होते.