टिचकी

दिवस भरायच्या आधीच जन्मलेलं ते बाळ मधूनच श्वास घ्यायला विसरायचं. मशीन ओरडायला लागलं की आई धावत त्याच्यापाशी यायची. थोरल्या सिस्टरनी तिला शिकवलं होतं, तळपायाला टिचकी मारायची, की गडी पुन्हा श्वास घेतो. पण बोटाएवढ्या त्या पावलाला टिचकी मारायला तिचा हात धजायचा नाही.

"अहो, गोंजारताय काय? जोरात मारा!" सिस्टर खेकसायच्या.

आज डॉक्टर मान हलवून निघून गेले. सिस्टरनी मशीन बंद केलं, नळ्या काढल्या आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. ती टिचक्या मारतच राहिली, जोरजोरात.

"विसरलाय हो सिस्टर. नुसता विसरलाय."

सिस्टरनी तिचा हात धरला.

"हळू गं बाई. लागेल त्याला."